शेवटच्या रांगेपर्यंत ‘नाही’ पोचवताना

पुण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघात बोलायला उभं राहताना एक गोष्ट आधीच कबूल करून टाकावी. समोर बसलेल्यांनी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त भाषणं ऐकलेली असतात, आणि त्यातली बरीचशी आपल्यापेक्षा चांगली. पहिल्या रांगेतल्या आजींनी कॉलेजात असताना आचार्य अत्र्यांची सभा ऐकलेली असते. शेजारच्या काकांना प्राचार्य शिवाजीराव भोसल्यांचं विवेकानंदांवरचं व्याख्यान अजून आठवत असतं. तिसरे गृहस्थ दर उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला हजेरी लावणारे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही व्याख्यानमाला. म्हणजे दीडशे वर्षं या गावाला वक्ते ऐकायची आणि नंतर चहा पिताना त्यांची चिरफाड करायची सवय आहे. अशा लोकांसमोर मी जाते ती इच्छापत्रावर बोलायला. तेही संध्याकाळी पाचला, दुपारची झोप डोळ्यांवर असताना.

मी वकील. दिवाणी कामं करते. इच्छापत्र, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, वारसा, सोसायटीतल्या नावनोंदणीची भांडणं, असलं सगळं. संघांची व्याख्यानं खरं तर माझे सीनियर घ्यायचे. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सर म्हणाले, “आता हे तू बघ. बोलायचंच तर आहे.” मलाही तसंच वाटलं. रोज कोर्टात उभं राहणाऱ्या माणसाला साठ-सत्तर आजी-आजोबांसमोर बोलायला काय अवघड जाणार?

जातं. कोर्टात ऐकणारा माणूस एकच असतो, न्यायाधीश साहेब, आणि ऐकणं हे त्याचं कामच असतं. त्याच्यासमोर फाईल उघडी असते. आपण “पान सत्तेचाळीस पाहावं” म्हटलं की साहेब पान सत्तेचाळीस पाहतात. ऐकू आलं नाही तर सरळ विचारतात. आवाज खाली ठेवायचा, वाक्य लांबवत न्यायचं, प्रत्येक विधानाला एक ‘परंतु’ आणि एक ‘तथापि’ लावायचा, आणि शेवटाकडे आदराने नमतं घ्यायचं, ही तिथली रीत. वर्षानुवर्षं तेच केलं की ते अंगात मुरतं. संघात कोणापुढेच फाईल नसते. ऐकू आलं नाही तर कोणी विचारत नाही. पिशवीतून मोबाईल काढून नातवाचे फोटो बघतात.

माझं पहिलं व्याख्यान कोथरूडमधल्या एका विरंगुळा केंद्रात झालं. संपल्यावर एक आजोबा काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, “छान बोललात हो. ऐकू फारसं आलं नाही, पण छान बोललात.” याला पुण्यात कौतुक म्हणतात आणि मीही ते तसंच घेतलं. पण दोन-तीन दिवसांनी एका काकूंचा फोन आला. “तुम्ही सांगितलंत तसं फ्लॅटला धाकट्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं बरं का. आता इच्छापत्राची कटकट नको ना?”

मी सांगितलं होतं ते याच्या नेमकं उलट. नॉमिनी मालक होत नाही, या एका वाक्यासाठी तर ते सगळं व्याख्यान होतं. सुदैवाने सरांना ऐकवायला म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. रात्री कानात घालून ऐकलं. माझाच आवाज, माझंच वाक्य: “त्यामुळे नॉमिनी हा त्या मिळकतीचा मालक होत...” आणि पुढे पंख्याची घरघर. ‘नाही’ होतं, पण ते अगदी कान देऊन ऐकलं तरच. त्याच व्याख्यानातली इतर वाक्यं तपासली. “रजिस्टर करायलाच हवं असं काही...” घरघर. “स्टॅम्प पेपर लागत...” घरघर. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला असतो आणि माझा आवाज नेमका तिथेच खाली बसत होता. समोरच्या साठ-सत्तर जणांना मी कायदा उलटा शिकवून आले होते, तोही हसतमुखाने.

त्या काकूंना ऑफिसात बोलावून सगळं नीट समजावलं, तो वेगळा विषय.

मग माझ्या वयाची माणसं करतात तेच मी केलं. रविवारची एक कार्यशाळा लावली. ‘प्रभावी वक्तृत्व’, जेवणासकट. शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या दहा मिनिटांत फळ्यावर तीन आकडे लिहिले: शब्द सात टक्के, आवाज अडतीस टक्के, देहबोली पंचावन्न टक्के. हे आकडे अशा कार्यशाळांत आरतीसारखे म्हटले जातात. मला सवय अशी, की कोणी आकडा सांगितला की मूळ कागद मागायचा. घरी येऊन शोधला. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे १९६७ सालचे प्रयोग आहेत ते. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवायचे, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो हे ओळखायला सांगायचं, असा त्यांचा घाट. शब्द, सूर आणि चेहरा एकमेकांशी भांडत असतील तेव्हा माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढाच तो प्रश्न. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही असं खुद्द मेहराबियनच सांगत आले आहेत. शब्द सातच टक्के असते तर मी इच्छापत्र जपानीत समजावलं असतं तरी चाललं असतं.

दुपारी आम्हाला पाय फाकवून, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं उभं केलं. त्याने म्हणे शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि आत्मविश्वास येतो. २०१० साली तसा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता खरा. पुढे जास्त माणसं घेऊन तो करून पाहिला तेव्हा संप्रेरकं काही हलली नाहीत, आणि मूळ तीन लेखकांपैकी डेना कार्नी यांनी २०१६ मध्ये जाहीरपणे सांगून टाकलं की आपला आता यावर विश्वास नाही. मी मात्र निमूट उभी राहिले. शेजारी एका बँकेचे मॅनेजर तसेच उभे होते, आणि जेवण आधीच झालेलं होतं.

एक गोष्ट मात्र त्या दिवसाचे सगळे पैसे वसूल करून गेली. प्रत्येकाचं दोन मिनिटांचं बोलणं चित्रित केलं आणि आम्हाला ते आवाज बंद करून दाखवलं. मी पाहिलं आणि गारच झाले. बोलताना माझी नजर लोकांच्या डोक्यांवरून जात होती. समोर, मधोमध, जरा उंचावर, एका जागी खिळलेली. तिथे भिंतीवर काहीही नव्हतं. कोर्टात तिथे साहेब बसतात.

आवाज बंद करून बघणं हा काही पोरखेळ नाही. १९९३ साली नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथल यांनी अमेरिकेत शिक्षकांच्या वर्गातल्या फिती अशाच मूक करून परक्या लोकांना दाखवल्या होत्या. एका शिक्षकाच्या दहा-दहा सेकंदांच्या तीन. त्या एवढ्याशा तुकड्यांवरून परक्यांनी दिलेले गुण आणि संपूर्ण सत्र शिकलेल्या विद्यार्थ्यांनी शेवटी दिलेले गुण यांचा बऱ्यापैकी मेळ बसला. म्हणजे माणूस पहिल्या अर्ध्या मिनिटात आपल्याला जोखतो यात तथ्य आहे. फक्त त्यावर पंचावन्न टक्क्यांचं लेबल लावायची गरज नाही.

खरं शिक्षण मिळालं ते दोन बायकांकडून. एक ओळखीच्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कानाची तपासणी करून श्रवणयंत्र बसवून देणाऱ्या. त्यांना मी काठीवाल्या आजोबांचं वाक्य सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “ते अगदी खरं बोलले. त्यांना तुमचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते.” वय झालं की कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतो. आ, ई, ओ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि दमदार असतात, ते पोचतात. स, श, फ, थ, ख ही व्यंजनं बारीक आणि वरच्या पट्टीतली, ती हरवतात. शब्दाचं शब्दपण तर व्यंजनात असतं. म्हणून अशा माणसासमोर ओरडून उपयोग नाही. ओरडलं की स्वर तेवढे वाढतात, व्यंजनं होती तिथेच राहतात, आणि वर आपण चिडलोय असं वाटतं. सावकाश बोलायचं, दोन वाक्यांमध्ये थांबायचं, आणि चेहरा दिसू द्यायचा. ऐकू कमी येणारी माणसं नकळत ओठ वाचतात. करोनात सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले तेव्हा कित्येकांना पहिल्यांदाच कळलं, की आपण इतकी वर्षं डोळ्यांनी ऐकत होतो.

हे ऐकल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर प्रेझेंटेशन बंद केलं. त्यासाठी दिवे घालवावे लागायचे, आणि अंधारात माझे ओठ कोणाला दिसणार? पडद्यावर कलमं आणि कोपऱ्यात एक आवाज, असा तो प्रकार होता. आता मी हॉलवर वीस मिनिटं आधी जाते आणि आधी उजेड कुठून येतोय ते बघते. खिडकी माझ्या पाठीशी असेल तर टेबल हलवायला लावते, कारण पाठीमागून उजेड आला की चेहरा काळा पडतो. डोक्यावरचा पंखा बंद करून मागते. लोकांवरचे पंखे चालू राहू देत, माईकवरचा नको. कार्यवाह आधी जरा नाराज होतात, पाहुणीला उकडेल म्हणून. उकडतं. चालतं.

दुसरी माझी कॉलेजची मैत्रीण. आमच्या कॉलेजच्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत ती काम करायची, मी पडद्यामागे कपडे सांभाळायचे. आजही ती नाटकवाल्या मुलांकडून वाचिक अभिनय करून घेते. तिला ते रेकॉर्डिंग ऐकवलं. तिने अर्ध्यातच बंद केलं.

“अगं, तुझं प्रत्येक वाक्य उतारावरून घरंगळतंय. श्वास कुठे घेतेस?”

“वाक्य संपल्यावर.”

“म्हणजे संपायच्या आधीच संपलेला असतो. क्रियापदाला काही उरतच नाही. मराठी आहे ही, सगळा माल शेवटी असतो!”

तिने मला वाक्य उलटं बांधायला लावलं. आधी नुसतं “नाही”. मग “होत नाही”. मग “मालक होत नाही”. मग “नॉमिनी मालक होत नाही”. प्रत्येक वेळी शेवटचा शब्द पहिल्याइतक्याच ताकदीने, पण न ओरडता. तिच्या हॉलमध्ये आम्ही दोघी समोरासमोरच्या भिंतींना पाठ लावून उभ्या, आणि मी आपली “नाही, होत नाही, मालक होत नाही” म्हणतेय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन चौकशी केली, सगळं ठीक आहे ना म्हणून. पूर्णविरामाला थांबायचं हेही तिनेच शिकवलं. मनात एक-दोन म्हणायचं आणि मग पुढे. एक-दोन म्हणताना बोलणाऱ्याला युग लोटल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याला फक्त वाक्य संपलं एवढं कळतं.

पुढचा सराव मेट्रोत. मी वनाझहून चढते आणि कोर्टापाशी उतरते. तेवढ्या वेळात कानात आदल्या व्याख्यानाचं रेकॉर्डिंग आणि ओठ हलते. लोकांना वाटतं फोनवर बोलतेय. स्वतःचा आवाज ऐकणं सुरुवातीला नकोसं होतं, परकी बाई बोलतेय असं वाटतं. त्याचं कारण साधं आहे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून तर येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडं खालचे सूर चांगले पोचवतात. म्हणून आपला आवाज आपल्याला भरदार वाटतो. लोकांना ऐकू येतो तो रेकॉर्डिंगमधला, किरटा. त्याची सवय करून घेतली की मग दुसऱ्या गोष्टी ऐकू यायला लागतात. मी दर दोन वाक्यांनी “काय आहे की” म्हणते हे मला तिथेच कळलं. टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांच्या, सभांमध्ये तर असले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ मोजायलाच एक माणूस नेमलेला असतो. मी एका सभेला पाहुणी म्हणून बसले होते. तिथल्या मोजणाऱ्या मुलाने शेवटी प्रत्येकाचा आकडा वाचून दाखवला, आणि स्वतः वाचताना चारदा ‘अं’ केलं.

वाक्यंही बदलावी लागली. आवाज कितीही सुधारला तरी ‘नाही’ शेवटीच येणार, मग महत्त्वाचं काम त्याच्यावर टाकायचंच कशाला? आता मी म्हणते, “नॉमिनी म्हणजे राखणदार. मालक म्हणजे वारस. पैसे नॉमिनीच्या हातात येतील, पण ते वारसांचे.” आमच्या ऑफिसातल्या ज्युनियरला हे पटत नाही. ‘राखणदार’ हा कायद्यातला शब्द नाही, विश्वस्त म्हणा, असं त्याचं म्हणणं. मसुद्यात विश्वस्तच लिहिते. संध्याकाळी साडेपाचला विरंगुळा केंद्रात राखणदार.

सुरुवातही बदलली. आधी मी “भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३” इथून निघायचे. आता एका घरातून निघते. आई, दोन भाऊ, एक बहीण आणि सदाशिव पेठेतला एक फ्लॅट. हे घर मी बनवलेलं आहे. अशिलांच्या गोष्टी व्याख्यानात सांगायच्या नाहीत हा माझा नेम. पुणं लहान आहे, चौथ्या रांगेत त्याच घरातली आत्या बसलेली असू शकते. तरी प्रत्येक संघात कोणीतरी येऊन हळूच विचारतंच, “ते घर म्हणजे आमच्या समोरच्या बिल्डिंगमधलं ना?” कलम सांगते, पण नंतर, आणि आकडा दोनदा. कारण वह्या घेऊन बसणारे चार-सहा जण असतातच, आणि त्यांना कलम मिळालं नाही तर ते पुढचं काही ऐकत नाहीत, शेजाऱ्याला विचारत बसतात. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, सही हवी, दोन साक्षीदार हवेत. हे सांगताना मी थांबते आणि पेनं वर येईपर्यंत बोलत नाही.

आवाज मागे पोचतोय का हे तपासायची माझी एक युक्ती आहे. “मागे ऐकू येतंय ना?” हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना तो प्रश्नही ऐकू येत नाही, आणि बाकीचे भिडेखातर हो म्हणतात. मी सुरुवातीला नमस्कार करून वार चुकीचा सांगते. मंगळवार असेल तर म्हणते, “आज बुधवारी एवढ्या संख्येने आलात...” आणि थांबते. शेवटच्या रांगेतून “मंगळवार!” आलं, की आवाज पोचतोय. पुण्यात चूक ऐकू आली आणि कोणी सुधारली नाही, असं आजवर घडलेलं नाही. नाहीच आलं, तर माईक बघायचा.

माईकबद्दल. काळा कोट आणि बँड घालून या, फोटो चांगला येतो, असं एका संघाने सुचवलं होतं. कोर्टाबाहेर बँड घालायचे नाहीत असा आमचा नियम आहे, त्यामुळे सुती साडी. साडीला कॉलर नसते, म्हणून कॉलर माईक पदराला लावतात; तो पदराबरोबर सरकतो आणि मंगळसूत्रावर टकटक करत राहतो. मागच्या लोकांना वाटतं कोणीतरी दार वाजवतंय. हातातला माईक बरा. हनुवटीखाली, चार बोटांवर, म्हणजे ओठही झाकले जात नाहीत. त्या हातात बांगड्या नकोत. स्पीकरच्या पुढ्यात जायचं नाही, नाहीतर शिट्टी. बस, एवढंच.

भीतीचं काय, असं नव्या मुली विचारतात. भीती आहे. तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, पहिली चार-पाच मिनिटं हाताला कंप असतो. ए-फोर कागद हातात धरला तर तो कंप तिसऱ्या रांगेपर्यंत दिसतो, म्हणून मी जाड पुठ्ठ्याची पोस्टकार्डाएवढी कार्डं वापरते. ती थरथरत नाहीत. बाकीचं लोकांना दिसत नाही. याबद्दलही कोणी मोजून पाहिलं आहे हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं होतं. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषण करणाऱ्यांना विचारलं, तुम्ही किती घाबरलेले दिसलात. आणि तेच ऐकणाऱ्यांनाही विचारलं. बोलणाऱ्यांना वाटत होतं त्याहून ते कितीतरी शांत दिसले होते. आणि घबराट बाहेर दिसत नाही, एवढं आधीच समजावून सांगितलं, तर त्यांची भाषणंही सुधारली. मी हे बोलायला उठण्याआधी, परिचय चालू असताना स्वतःला सांगते.

नजरेचं काम सर्वात अवघड गेलं. साहेबांची ती रिकामी जागा डोळ्यांना सोडवत नव्हती. मैत्रीण म्हणाली, हॉलकडे बघूच नकोस, माणसाकडे बघ. एका माणसाला एक पूर्ण वाक्य दे, मग दुसऱ्याला. आता मी ‘राखणदार’ डावीकडच्या आजींना सांगते, ‘वारस’ मागच्या टोपीवाल्यांना. झोपलेल्यांकडेही बघते. उगाच अपमान वाटून घ्यायचा नाही, त्यांच्या बीपीच्या गोळ्यांची ती वेळ असते.

आणि मग प्रश्नोत्तरं. वक्त्याबद्दलचं मत पुणेकर इथेच पक्कं करतात, भाषणात नाही. एका संघात मी नॉमिनीचं सगळं सांगून झाले होते. सोसायटी, बँक, शेअर्स. शेअर्सबद्दल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेला निकालही सांगितला, की तिथेही नॉमिनी मालक ठरत नाही. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात, तेही. एक गृहस्थ उठले. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन. “प्रश्न नाही, एक दुरुस्ती आहे.” हॉल जागा झाला. झोपलेलेसुद्धा. “मी विमा क्षेत्रात छत्तीस वर्षं काढली. २०१५च्या दुरुस्तीनंतर विम्यात तुम्ही म्हणता तसं नाही.”

ते मला माहीत होतं. विमा कायद्याचं कलम ३९. आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांना नॉमिनी केलं असेल तर पैशावर त्यांचाच हक्क, असं त्यात आलेलं आहे. अर्ध्या तासात किती अपवाद सांगणार म्हणून मी ते गाळलं होतं. कोर्टात असते तर उत्तर तयार होतं: माझं विधान त्या मर्यादेतच होतं, वगैरे. तिथे मी आधी त्यांचं म्हणणं माईकमध्ये जसंच्या तसं पुन्हा सांगितलं, कारण मागच्या रांगांना ते ऐकूच गेलं नव्हतं. म्हटलं, “काका बरोबर बोलतायत.” मग माईक त्यांच्या हातात दिला. माईक देताना लोक घाबरतात, परत मिळत नाही म्हणून. मी त्यांच्याजवळच उभी राहिले. दोन मिनिटं त्यांनी फार नेटकं सांगितलं, एजंट लोक फॉर्म भरताना काय गोंधळ करतात तेही. मी एवढीच भर घातली, की या कलमाच्या अर्थावर उच्च न्यायालयांचे निकाल अजून एका सुरात नाहीत, म्हणून विम्याचाही उल्लेख इच्छापत्रात करून ठेवा. चहाच्या वेळी त्या काकांनी स्वतः माझ्यासाठी बशीत बटाटेवडा आणला, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या बहिणीच्या संघातून मला बोलावणं आलं.

सगळे प्रश्न असे गोड नसतात. “आमच्या धाकट्याने गेल्या वर्षी सह्या घेतल्या...” असं कोणी सुरू केलं की मी लगेच हात वर करते. घरातली गोष्ट साठ जणांसमोर उघडी पडली तर ती परत झाकता येत नाही. “काकू, हे आपण दोघी बोलू,” म्हणायचं आणि खरंच बोलायचं, चहाचा कप घेऊन कोपऱ्यात. तुमचं कार्ड द्या, फी किती, हे प्रश्नही येतात. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाई आहे, त्यामुळे कार्डं वाटणं नाही आणि फीचा आकडाही नाही. गंमत अशी, की काही विकायला आलेली नाही हे कळलं की लोक जरा पुढे सरकून बसतात.

वेळेचं गणित मात्र कोणत्याच कार्यशाळेत शिकवत नाहीत. पत्रात लिहिलेलं असतं पंचेचाळीस मिनिटं. प्रत्यक्षात प्रार्थना, दीपप्रज्वलन, महिन्यातले वाढदिवस, सहलीची सूचना, वर्गणी न भरलेल्यांना आठवण, आणि मग वक्त्यांचा परिचय. माझ्या हाती उरतात पंचवीस. चहा साडेसहालाच असतो, त्यात बदल नाही. म्हणून माझ्याकडे एकाच व्याख्यानाची तीन मापं आहेत, वीस, तीस आणि पंचेचाळीस मिनिटांची. कार्डं तीन रंगांची. वाढदिवस किती आहेत हे बघून मी पर्समधून रंग काढते.

परिचयावर माझा राग होता. सरांच्या ऑफिसातून गेलेला दोन पानांचा बायोडेटा कार्यवाह अथपासून इतिपर्यंत वाचायचे, आणि मी उठेपर्यंत लोकांना मी आवडेनाशी झालेली असायचे. आता मी स्वतःच चार ओळी मोठ्या टायपात छापून पाठवते. नाव, काय काम करते, किती वर्षं, आज कशावर बोलणार. सहकारनगरच्या एका कार्यवाहांचा परवा लगेच फोन आला.

“मॅडम, परिचय मिळाला. पण एवढाच?”

“एवढाच.”

“परिचयाला पाच मिनिटं ठेवलीत हो आम्ही. कार्यक्रमपत्रिका छापून झालीय.”

मी म्हटलं, ती पाच मिनिटं मला द्या. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नको, मग सहलीची सूचना दोनदा सांगतो. ऐकतच नाहीत लोक.”